फडकं कोणतं वापरलंत?

(दसऱ्यानंतरचा शनिवार. पुण्यातलं रंगकामाचं एक गॅरेज. पात्रं दोन : गाडीमालक आणि मिस्त्री. मधे पांढरी गाडी. ती बोलत नाही, हे मालकांचं नशीब.)

मालक : मिस्त्री, जिवापाड जपली हो गाडी. तरी अंगभर डाग!

मिस्त्री : जपल्याचेच आहेत, काका. काळ्या प्लॅस्टिकवर हे पांढरं कसलं?

मालक : वॅक्स. ब्राझीलच्या ताडाचं. डबीवर लिहिलंय तसं.

मिस्त्री : लावलं कधी?

मालक : दसऱ्याला, विजय मुहूर्तावर. दुपारी.

मिस्त्री : उन्हात? पत्र्याला हात लावून बघितला होता?

मालक : लावला ना. लगेच काढला.

मिस्त्री : मग वॅक्स तिथंच वाळलं. सावलीत लावायचं, गार पत्र्यावर, अगदी पातळ.

मालक : पातळ? अर्धी डबी संपवली मी! पैसे मोजलेत.

मिस्त्री : जास्तीचं मुरत नाही, वरच बसतं. आता पत्र्यावर त्याच्यावरच थोडं ताजं लावा आणि लगेच पुसा.

मालक : वॅक्स काढायला वॅक्स?

मिस्त्री : ताज्यातलं सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतं, दोन्ही बरोबरच निघतात. प्लॅस्टिकला मात्र ते नको. प्लॅस्टिक खरबरीत असतं, वॅक्स खाचांत जाऊन बसतं. तिथं पांढरं खोडरबर फिरवा.

मालक : घरात एकच खोडरबर आहे, नातवाचं. तो देणार नाही.

मिस्त्री : (बॉनेटकडे वाकून) आणि हे लाल?

मालक : हळदीचं स्वस्तिक होतं. पिवळा डाग राहिला म्हणून कपड्यांच्या साबणानं घासला, तर लालभडक झाला! आमच्या हिनं तर हातच जोडले.

मिस्त्री : हळदीला क्षार लागला की लालच होते. कुंकू तसंच तर करायचे पूर्वी. साबण नीट धुऊन टाका आणि गाडी उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

मालक : म्हणजे हळदीला ऊन, वॅक्सला सावली. बॉनेट एकच. मी गाडी आत-बाहेर करत बसू का?

मिस्त्री : आधी हळद जाऊ दे. वॅक्स पुढच्या दसऱ्याला. टपावरचा हा ठसा?

मालक : पारवे, दुसरं काय! वाळेपर्यंत थांबलो आणि रविवारी नखानं खरवडून काढलं.

मिस्त्री : थांबलात तिथंच घात झाला. विष्ठेत आम्ल असतं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, उन्हानं सैल होतो, रात्री आवळतो, ठसा आतच राहतो. दिसल्याबरोबर ओलं फडकं वर ठेवायचं, दहा मिनिटांनी उचलायचं. घासायचं नाही.

मालक : दहा मिनिटं पारव्याच्या शिटेपाशी उभा राहू?

मिस्त्री : फडकं राहील उभं. तुम्ही चहा घ्या. (टॉर्च लावतो.) आता इकडं बघा.

मालक : अरे देवा! कोळ्याचं जाळं! पण मी तर उभंच पुसतो, ही वर्तुळं आली कुठून?

मिस्त्री : चरे सगळ्या बाजूंनी आहेत. उजेडाला आडवे असतात तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल वाटतात. फडकं कोणतं वापरलंत?

मालक : बनियन. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. रोज सकाळी सहाला, कोरडंच. सोसायटीत पाणी कमी.

मिस्त्री : बनियन मऊ आहे हो. त्याच्याखालची धूळ नाही मऊ.

मालक : मग रबिंग मारा. एकदाच काय तो निकाल लागू दे.

मिस्त्री : आजवर कितीदा मारलंय?

मालक : दर दिवाळीला. ऑफर असते.

मिस्त्री : (दीर्घ श्वास घेऊन) काका, रबिंगनं चरा भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर खरवडून चऱ्याइतका खाली आणतात. तो असतो मुळात चाळीस-पन्नास मायक्रॉन. डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ म्हणा.

मालक : माझ्या डोक्यावर केस नाहीत.

मिस्त्री : मग तुम्हाला चटकन पटेल. गेलं ते परत येत नाही. (दारावर नख फिरवतो.) इथं नख अडकतंय. हा पॉलिशनं जाणार नाही, टचअपच लागेल.

मालक : झेंडूच्या माळेची तार लागली. मी लगेच टूथपेस्ट लावली होती.

मिस्त्री : (हुंगून) लवंगेची?

मालक : लवंगेचीच. म्हटलं, जंतूही मरतील.

मिस्त्री : टचअप करून देतो. पण नंतर दोन महिने गाडी पुसायची नाही. धुवायची तर आधी पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग दोन बादल्या : एक शांपूची, एक फडकं खळबळायची.

मालक : पुसायची नाही? अहो, सहाला बनियन घेऊन जिना उतरायची सवय आहे मला. घरात थांबलो तर मेथी निवडायला बसवतील!

मिस्त्री : (विचार करून) टायर पुसा. त्यांचं काही बिघडत नाही.

मालक : चारही?

मिस्त्री : पाच. डिकीत स्टेपनी आहे.

मालक : (चेहरा उजळतो.) बनियन चालेल?

मिस्त्री : टायरला बनियन चालेल.

मालक : वा! मग ती उरलेली अर्धी डबी पण टायरांनाच…

मिस्त्री : डबी इथं ठेवून जा, काका.