नव्वद दिवसांचे तात्या

हडपसरात नवा माणूस भेटला की जुनी मंडळी आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा. तात्या यातलं काहीच विचारत नाहीत. ते समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळतात आणि म्हणतात, "वजन किती?" माणूस गोंधळतो. "जेवण झालंय का?" माणूस आणखी गोंधळतो. तरीही तो उभाच राहिला तर तिसरा प्रश्न येतो, "शेवटचं कधी दिलं होतंस?"

काय दिलं होतं, हे तात्या सांगत नाहीत. त्यांच्या मते माणसाने देण्यासारखी गोष्ट एकच आहे.

तात्या ससाणेनगरला राहतात. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. शर्टाच्या बाह्या बारा महिने कोपराच्या वर दुमडलेल्या. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईचा वण आहे, तो दिसला पाहिजे. लग्नकार्यात लांब बाह्यांचा कुर्ता घालावा लागला की तात्या त्या दिवशी कुणाशी धड बोलत नाहीत.

घरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडरची, दुधाची आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांची नोंद काकूंकडे. लाल पेनाने गोल करून 'र' लिहायचा अधिकार फक्त तात्यांचा. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, बायकांना १२०. त्यामुळे तात्यांचं वर्ष चार तुकड्यांचं. मुलाने मुलीच्या बारशाची तारीख काढली ती गुरुजींना विचारून, पण नक्की केली ती त्या लाल गोलाकडे बघून. एकदा गाडीतळाजवळ मोठं शिबिर होतं आणि तात्यांचा त्या दिवशी ८९ वा दिवस होता. कार्यकर्ते म्हणाले, "तात्या, एका दिवसानं काय होतंय?" तात्या म्हणाले, "मग लीप वर्षात काय करू?" याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण तात्या मंडपाबाहेर खुर्ची टाकून दिवसभर बसले आणि दुसऱ्या दिवशी रक्तकेंद्रात जाऊन रक्त देऊन आले. सुई लागल्यापासून पिशवी भरेपर्यंत दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सोलापूर रोडवरून तिथे पोहोचायला किती लागली, ते हडपसरकरांना सांगायला नको.

तात्यांना त्यांचा आकडा विचारावा लागतो. न विचारता ते सांगत नाहीत. फक्त विचारल्याशिवाय उठू देत नाहीत. सध्या तो ९४ आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन या गृहस्थांनी १,१७३ वेळा दान केलं, असं एकदा नातवाने मोबाइलवर वाचून दाखवलं. तात्या उसळले. "अरे, तो प्लाझ्मा! तिकडे दोन-दोन आठवड्यांनी देता येतो. अख्खं रक्त देऊन दाखव म्हणावं!" नातवाने पुढचं वाचलं. त्या प्लाझ्मात एक दुर्मीळ प्रतिपिंड होतं, आणि त्यापासून केलेल्या इंजेक्शनमुळे आर-एच निगेटिव्ह आयांची असंख्य बाळं वाचली. तात्या गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ते बरोबर आहे. पण आकडा वेगळा मोजला पाहिजे."

रक्तगटाच्या बाबतीत मात्र दैवाने तात्यांवर अन्याय केला आहे. ते ओ पॉझिटिव्ह. हडपसरात दगड भिरकावला तर ओ पॉझिटिव्हला लागेल, नाहीतर बी पॉझिटिव्हला. एबी निगेटिव्ह माणूस भेटला की तात्या त्याच्याकडे सात-बारा स्वच्छ असलेल्या शेतकऱ्याकडे बघावं तसे बघतात. त्याहून मोठं दुःख बॉम्बे ब्लड ग्रुपचं. १९५२ साली डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोधला. वरवरच्या तपासणीत ओ वाटणारं, पण ओ गटाचंही रक्त न चालणारं असं ते रक्त. त्या माणसाला त्याच गटाच्या माणसाचं रक्त लागतं. तात्यांना हे सगळं पाठ आहे. "केईएममध्ये सापडला म्हणून बॉम्बे," ते म्हणतात. "ससूनमध्ये सापडला असता तर आज जगभर पुण्याचं नाव घेऊन रक्त शोधलं असतं." पुण्याच्या अभिमानाला इतकी खोल शीर दुसऱ्या कुणी शोधली असेल असं मला वाटत नाही.

शिबिरात तात्यांना कुणी नेमलेलं नसतं. तरी टेबलाच्या अलीकडे पहिला दरवाजा त्यांचा. रांगेतल्या माणसाला ते नजरेनेच तोलतात. ४५ किलोच्या खालचा माणूस त्यांना दिसतच नाही. ४५ च्या वर असेल तर ३५० मिली. ५५ च्या वर असेल तर ४५० मिली चालतं, म्हणून त्याला खुर्ची. मगरपट्ट्यातली कंपनीची मुलं आली की तात्यांची कळी खुलते आणि लगेच कोमेजते. एक असा आला होता: वजन ८०, हिमोग्लोबिन १५, गट बी निगेटिव्ह. तात्या त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "शाब्बास. झोप झाली का?" पोरगा रात्रपाळी करून सरळ इकडे आलेला. रात्रभर जागलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. "ऐंशी किलोचा माणूस वाया गेला हो," असं तात्या पुढे आठवडाभर सांगत होते, जणू तो वारलाच.

टॅटू हा तात्यांचा दुसरा शत्रू. गोंदवून घेतल्यापासून वर्षभर रक्त देता येत नाही. दंडावर महाराजांची राजमुद्रा ताजी-ताजी कोरून शिवजयंतीच्या शिबिराला येणारी पोरं पाहिली की तात्या हात जोडतात. "राजे मनात ठेवा रे, वर्षभर तरी."

पण पंचाईत झाली ती पालखीच्या दिवशी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यातून निघून हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात. इथून तुकोबा सोलापूर रोडने लोणी काळभोरकडे जातात आणि माउली सासवडच्या वाटेला, दिवे घाटाकडे वळतात. एका वर्षी उत्साही तरुणांनी वारकऱ्यांच्या सेवेला म्हणून शिबिर लावलं. त्या दिवशी एकादशी. जो येईल त्याचा उपास, आणि उपास चालू असताना रक्त घेत नाहीत. मंडपात खाटा रिकाम्या, डॉक्टर रिकाम्या. एक धिप्पाड गृहस्थ वाद घालू लागले, "अहो, ताटभर साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी, वर केळ्याचं शिकरण झालंय. याला उपाशी म्हणता?" एकादशी आणि दुप्पट खाशी, हा मुद्दा तात्यांनाही पटला. त्यांनी वकिली केली. डॉक्टर मॅडम हसल्या, पण म्हणाल्या, "उपास तो उपास. द्वादशीला या." द्वादशीला खाटा दुसऱ्या गावाला गेल्या होत्या.

याच मॅडमनी एकदा तात्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तात्या रांगेतल्या तरुणाला सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात विचारत होते, "कावीळ? मलेरिया? बाहेरचे काही संबंध?" पोरगा लाजून घरीच जायच्या बेतात होता. मॅडम म्हणाल्या, "तात्या, हे प्रश्न पडद्याआड विचारायचे असतात. तुमच्यासमोर कोण खरं बोलेल?" प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरं, पण लागण नुकतीच झाली असेल तर ती तपासणीत सापडेलच असं नाही. तिथे दात्याच्या खऱ्या उत्तराचाच आधार असतो, आणि खरं उत्तर चारचौघांत मिळत नाही. तात्यांना तेव्हापासून केळी वाटण्याच्या टेबलावर बसवलं आहे. तिथूनही ते केळं देताना वजन विचारतात.

काकूंची गोष्ट निराळी. आपल्याकडे रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, बाई असो की पुरुष. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. बुडला तर पास, तरंगला तर परत. काकूंचा थेंब वर्षानुवर्षं तरंगत राहिला. त्यांच्यासारख्या कितीतरी बायका हौसेने येतात आणि थेंबापाशी परत फिरतात. यावर भाषणं कमी आणि भाजी-भाकरी जास्त लागेल, असं माझं मत आहे. तात्यांनी काकूंवर अळीव, खजूर, बीट यांचा मारा केला आणि एकदा चिडून म्हणाले, "तुला द्यायची इच्छाच नाही." काकू शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं या घरात रक्त आटवलं, तेव्हा कुणी केळं नाही दिलं."

पुढे डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घेतल्या, सहा-सात महिन्यांनी थेंब बुडाला आणि काकूंनी रक्त दिलं. घरी येऊन कुकर लावला. तात्या दिल्यावर दोन दिवस पाण्याची बादली उचलत नाहीत; जड उचलू नका हा त्या दिवसापुरता सल्ला त्यांनी परवापर्यंत ताणला आहे. काकूंनी कुकर लावल्यापासून ती सवलत रद्द झाली.

तात्यांच्या आयुष्यातली शोकांतिका घडली ती तुकाई टेकडीच्या वाटेवर. पहाटे फिरायला गेले असता कुत्रं चावलं. जखम साबणाने धुतली, त्याच दिवशी इंजेक्शन घेतलं. तितके ते शहाणे आहेत. पण कुत्रं चावल्यावर रेबीजची लस घेतली की वर्षभर रक्तदान बंद. पायाच्या जखमेबद्दल तात्या एक शब्द बोलले नाहीत. त्या भटक्या कुत्र्याला रोज खाऊ घालणाऱ्या शेजाऱ्यांकडे मात्र गेले आणि हिशेब मांडला, "वर्षात चार पिशव्या. एका पिशवीचे तीन भाग: तांबड्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा. म्हणजे तुमचं कुत्रं मला नाही, बारा पेशंटना चावलंय." शेजारी म्हणाले, "तात्या, खिशात शिबिराचा बिस्किटाचा पुडा होता ना?" होता.

तात्यांची खरी चीड मात्र कुत्र्यावर नाही, फेब्रुवारीवर आहे. शिवजयंतीला आणि नेत्यांच्या वाढदिवसांना चौकाचौकांत मंडप. कुठे हेल्मेट, कुठे जेवणाचा डबा, कुठे पाण्याचा जार. रक्ताच्या बदल्यात रोख किंवा रोखीसारखं काही द्यायचं नाही हा नियम जारमध्ये बुडवलेला. ("हेल्मेट वाटणाऱ्यांनी आधी खड्डे बुजवावेत, निम्मं रक्त लागणारच नाही," हे तात्यांचं वाक्य मी कुठल्याही मंचावर उभं राहून म्हणायला तयार आहे.) एका दिवसात शेकडो पिशव्या. तांबड्या पेशी टिकतात ३५, फार तर ४२ दिवस. प्लेटलेट तर पाचच. १९ फेब्रुवारीचं रक्त २ एप्रिलच्या पलीकडे जात नाही, आणि कॉलेजं सुटतात, लोक गावी जातात, रक्तकेंद्रांच्या फडताळात खडखडाट होतो तो मे महिन्यात. तात्यांचा एक लाल गोल दरवर्षी मेमध्ये असतो, तो योगायोग नाही. तेवढ्यासाठी ते एखादं शिबिर हातचं सोडतात. आकड्यामागे लागलेला माणूस आकडा सोडतो, हे बघून मला त्यांच्या बाकीच्या बढाया ऐकून घ्याव्याशा वाटतात.

त्यांनी जुने दिवसही पाहिले आहेत. तेव्हा रक्त विकणारी माणसं दवाखान्यांच्या आसपास उभी असायची, हाडं निघालेली, दोन वेळच्या जेवणासाठी बाही वर करणारी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून तो व्यवहार बंद झाला. "मग ती जागा कुणी भरायची?" तात्या विचारतात. हा प्रश्न मात्र ते हळू आवाजात विचारतात.

आता तात्या चौसष्ट वर्षांचे आहेत. ६५ पूर्ण झाली की नियमाने थांबायचं. कालनिर्णयवर तीन लाल गोल उरलेत, म्हणजे ९७. त्यात कुत्र्याचे चार मिळवले की १०१, ही बेरीज ते रोज करतात. परवा सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले एक काका शिबिरात आले. वय ६२, पहिलीच वेळ. आयुष्यभर 'रिटायर झाल्यावर बघू' म्हणाले होते. पहिल्यांदा देणाऱ्याला साठीची मर्यादा आहे. त्यांना परत पाठवलं. तात्यांनी त्यांना दोन केळी दिली. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या दुसऱ्या शेजाऱ्यांना मात्र तात्यांनी ओढून आणलं. इन्सुलिन नसेल, साखर ताब्यात असेल आणि चार आठवड्यांत औषध बदललेलं नसेल तर चालतं, हे त्या शेजाऱ्यांना वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

कारखान्यात रजेवर जाताना बदली माणूस देऊन जायची पद्धत होती. तात्या आता तसा माणूस शोधताहेत, आणि त्यांच्या वतीने मी इथे जाहिरात देतो आहे. ओ पॉझिटिव्हच हवा असं नाही. १८ पूर्ण झालेली, ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५, रात्रभर झोपलेली आणि सकाळी नाश्ता केलेली कुठलीही व्यक्ती चालेल. हेल्मेट मिळणार नाही. मे महिन्यात यावं. फेब्रुवारीत गर्दी असते.