देवासचे दर्यासारंग

ज्याच्या दारात समुद्र असतो तो समुद्राची तयारी करत नाही. मालवणचा पोरगा चड्डी वर ओढतो आणि उडी मारतो. तयारी करावी ती माळव्याने. आम्हा देवासकरांची पाण्याशी ओळख म्हणाल, तर 1990च्या दशकात प्यायचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून येताना आम्ही पाहिलेलं आहे. पाहुणा उतरावा तसं पाणी स्टेशनात उतरायचं. अशा गावातून स्कूबा डायव्हिंगची सहल निघते, तेव्हा तिची मोहीम होते. आणि मोहिमेला सरदार लागतो.

हा सरदार आमच्या प्रत्येक मराठी वस्तीत एक तरी असतोच. साठीच्या अलीकडे-पलीकडे वय, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. गणपतीत मंडपाची दोरी, लग्नात पंगतीची बादली आणि स्मशानात लाकडांचा हिशोब, हे सगळं याच्याच ताब्यात. बायको याला घरात काही विचारत नाही, म्हणून हा बाहेर सगळं सांगतो. आमच्याकडच्या या गृहस्थाला आम्ही ‘दर्यासारंग’ म्हणतो. शिवाजीमहाराजांच्या आरमारात या नावाचा अधिकारी होता हे त्याला ठाऊक आहे. आम्ही थट्टेने म्हणतो हे ठाऊक नाही.

मोहीम मालवणची. अख्खी होडी आपल्यासाठी ठरवायची, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बुडी मारायची. पावसाळ्यात तिथले जलक्रीडावाले दुकान बंद ठेवतात, म्हणून जायचं डिसेंबरात. डिसेंबरची सहल, म्हणून तयारीची पहिली बैठक श्रावणात. पोहे-जलेबी झाली, वर जिरावण मसाला पडला आणि दर्यासारंगांनी माणसांची विभागणी जाहीर केली: होडीच्या डाव्या बाजूला थोरली पाती, उजव्या बाजूला धाकटी पाती.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. देवासला एका गावात दोन राजे होते. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांनी राज्य वाटून घेतलं आणि 1948पर्यंत एकाच टेकडीखाली दोन संस्थानं, एक थोरली पाती आणि एक धाकटी, दोन वाडे, दोन दरबार सुखाने नांदले. संस्थानं विलीन झाली, पण सवय विलीन झाली नाही. बारा माणसांची होडी म्हटली की आमच्या पोटात आधी वाटणीच येते. डाव्या बाजूला सहा, उजव्या बाजूला सहा. पण वजन? धाकट्या पातीत तिघे मिठाईवाले.

इथून वजनांचं प्रकरण सुरू झालं. रबरी सूट कोणत्या मापाचा, कमरेला शिशाचं वजन किती, हे माणसाच्या वजनावर ठरतं, असं कुठेतरी वाचून दर्यासारंगांनी रकाने आखले. पुरुषांनी अंदाजे सांगितलं. बायकांनी लग्नातलं सांगितलं. तेव्हा गृहस्थाने ओळखीच्या धान्यवाल्याचा काटा एका सकाळी अर्ध्या तासासाठी मागून घेतला आणि मोहीम गव्हाच्या पोत्यांमागे रांगेत उभी केली. एक वहिनी काट्यावर चढल्या, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, “भाऊजी, ह्यात बारदान धरलंय का?” मग यादी मालवणला फोनवर वाचून दाखवण्यात आली. तिकडच्या माणसाने सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “येवा तुमी. मगे बघूया.”

हे उत्तर पुढे चार महिने येत राहिलं. पाणी किती अंशाचं असेल? येवा, मगे बघूया. नळकांडीत हवा किती? येवा, मगे बघूया. शाकाहारी नाश्ता? त्यावर मात्र तो थोडा थांबला.

पण एक कबूल केलं पाहिजे: दर्यासारंगांचा अभ्यास पक्का. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि कान मोकळे करायचे. श्वास कधीही रोखायचा नाही. काच धुक्याने भरू नये म्हणून मुखवट्यात आतून थुंकायचं आणि खळबळून टाकायचं. (सोवळ्यातल्या एक आत्या इथे उठून गेल्या.) सर्दी असेल तर बुडी नाही, कारण नाक चोंदलं की कानाचा दाब जुळत नाही. त्यामुळे नोव्हेंबर लागल्यापासून मोहिमेवर सर्दीबंदी होती. इंदूरच्या सराफ्यात रात्री कोणी कुल्फी खाल्ल्याची बातमी आली की त्याच्या नावापुढे लाल पेनाची खूण.

आणि खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही, ही गोष्ट सांगताना दर्यासारंगांचा आवाज जरा कापरा व्हायचा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. छान म्हणायचं तर अंगठा-तर्जनीचं कडं. ही सवय लागावी म्हणून मोहिमेच्या मोबाइल ग्रुपवर अंगठ्याला मनाई झाली. आठवडाभर कोणी कशालाच होकार दिला नाही आणि त्या आठवड्यात एका घरची सोयरीक फिसकटता फिसकटता राहिली.

खरी अडचण धारची होती. दर्यासारंगांचे साडू, रावसाहेब, धारचे. धारचा माणूस देवासला येतो तो बसने, पण उतरतो हत्तीवरून. पेशवाईतला शेवटचा बाजीराव जन्मला धारच्या किल्ल्यात, भोजाची नगरी धार, आणि जहाजाचं काय सांगता, आमच्या जिल्ह्यात मांडूला जहाज महाल आहे! मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध, शंभर मीटरहून लांब. पाचशे वर्षं जागचं हललेलं नाही. रावसाहेबांच्या मते जहाजाने असंच असावं.

रावसाहेबांना मिशी आहे. ‘आहे’ हे क्रियापद तिला अपुरं पडतं. पण मिशीवर मुखवट्याची रबरी कड नीट बसत नाही आणि फटीतून पाणी आत येतं, हे शास्त्र आहे. दर्यासारंगांनी ते भीत भीत मांडलं. बैठकीत एकदम शांतता.

“म्हणजे?” रावसाहेब म्हणाले.

“म्हणजे थोडी… वरच्या बाजूने…”

“साडूभाऊ, पाणी आत येतं ना? येऊ दे. पिऊन टाकीन.”

मग तोड निघाली. मिशीवर व्हॅसलीनचा जाड थर दिला की कड बसते, पाणबुडे तसं करतात. परीक्षा अंगणात झाली. गंगाळात नळाचं पाणी, रावसाहेब पाटावर, मुखवटा चढवलेला, मिशी लोण्यात घोळल्यासारखी. त्यांनी तोंड बुडवलं. दर्यासारंग घड्याळ घेऊन उभे. गंगाळातून भांडं पडल्यासारखा आवाज आला, पण डोकं वर येईना. शेवटी दोघांनी धरून वर काढलं, तर साहेब शांत; आत मिशीचं प्रतिबिंब दिसत होतं म्हणे, ते पाहत होते. पाणी शिरलं नव्हतं. मिशी जिंकली होती.

त्या विजयाच्या भरात त्यांनी भोज काढला. ‘युक्तिकल्पतरू’ हा ग्रंथ भोजराजाच्या नावावर आहे आणि त्यात नौका बांधायचं शास्त्र आहे. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, समुद्रातले लोहचुंबकी खडक तिला ओढून घेतात, असं त्यात सांगितलंय. तेव्हा रावसाहेबांची अट: होडीला लोखंडी खिळा चालणार नाही. ज्या गावात जगातल्या थोर लोहस्तंभांपैकी एक तीन तुकडे होऊन पडलाय, त्या गावचा माणूस लोखंडाला नावं ठेवत होता. पण दर्यासारंग मुत्सद्दी. त्यांनी तोच स्तंभ उचलला. “रावसाहेब, पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याला बारा मीटरपलीकडे नेत नाहीत. तुमचा खांब जोडला तर तेरा मीटर भरेल. म्हणजे आपण धारच्या खांबाच्या आतच आहोत.” रावसाहेबांना हे पटलं. आपल्या खांबापेक्षा समुद्र उथळ निघाला, याने त्यांना बरंही वाटलं असावं. खिळ्यांबद्दल मालवणला विचारलं. येवा, मगे बघूया.

शेवटची बैठक उंचीवर गाजली. बुडी मारल्यावर बारा ते अठरा तास विमानात बसू नये, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. लगेच उंच घाटही चढू नये. यावर दर्यासारंगांनी पाऊण तास घेतला, नकाशा काढला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की देवासच समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून वर आहे. चेहरा उतरला. घरी जायचं की नाही? वहिनी आतून पापड भाजता भाजता म्हणाल्या, “अहो, तिकिटं स्लीपरची आहेत. तीही वेटिंगला. पोचेपर्यंत दोन दिवस जातील, बुडबुडे कंटाळून निघून जातील.”

सामानाचं सांगत नाही. शेवेचे पाच डबे होते एवढंच सांगतो, आणि मालवणात सुरमईवर जिरावण टाकून खाणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली.

होडीवर मात्र एका म्यानात दोन तलवारी झाल्या. दर्यासारंग उभे राहून डावी-उजवी पाती बसवू लागले. तांडेल जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “तुमी बसान रवा. होडी माका हाकूची आसा.” तिथल्या पोरांनी आमची यादी पाहिलीही नाही. माणसाकडे एक नजर टाकायचे आणि सूट हातात द्यायचे. प्रत्येकाला नेमका बसला.

थुंकायला तयार नसलेल्या आत्या सगळ्यांत जास्त वेळ खाली राहिल्या. रावसाहेब मिशीसकट गेले, मिशीसकट आले. दर्यासारंग शेवटच्या तुकडीत उतरले. पाण्याखालची चित्रफीत नंतर देवासला सगळ्यांनी मिळून पाहिली. मागे प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे थव्याने चाललेले, आणि पुढे आमचा सरदार प्रवाळाकडे पाठ करून तुकडीतले चौघे बोटांनी मोजतोय. शिकवणारा पोरगा मासा दाखवतो, हा कडं करून छान म्हणतो आणि परत पहिल्यापासून मोजतो. काय पाहिलंत, असं विचारलं तर म्हणाले, “सगळे होते.”

परतल्यावर आठव्या दिवशी हिशोब आला, पैशापर्यंत. शेव समाईक, उलटीच्या गोळ्या समाईक, व्हॅसलीन मात्र रावसाहेबांच्या नावे. धारहून लगेच उत्तर आलं: मिशी व्यक्तीची नसून संस्थानाची आहे, सबब खर्च बाराही जणांत वाटावा. थोरली पाती अर्धा द्यायला तयार झाली. धाकटीने विचारलं, अर्ध्या मिशीचा की अर्ध्या डबीचा? प्रकरण चालू आहे. डबी दर्यासारंगांनी जप्त करून कपाटात ठेवली आहे. अंदमानला लागेल म्हणतात.