दोरीपलीकडची आत्या

माझ्या सांगण्यावरून जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आजवर कुणी पंखासुद्धा बंद केलेला नाही. घरात मी बोलायला लागलो की बाकीचे एकमेकांशी बोलायला लागतात. गोल बाजारच्या दत्त मंदिरात 'कृपया शांतता राखा' एवढंच म्हणायला माझ्या हाती माईक दिला, तर माईकच शांत होतो. अशा माणसाला दिल्लीत, 40 लाख डॉलर बक्षिसाच्या गोल्फ स्पर्धेत, लोकांना गप्प करायचं काम मिळालं. भाचा दिल्लीत असतो. स्वयंसेवक मार्शल हवे आहेत असं कळल्यावर त्याने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. घरचे पोट धरून हसले. मी रागाने बॅग भरली.

आत्या बरोबर येणार हे ठरलेलं नव्हतं. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. विषय भूगोल, आवाज तीन वर्गांना पुरेल एवढा. दिवाळी तोंडावर होती आणि भाच्याला घरच्या चकल्या पोचवणं हे गोल्फपेक्षा महत्त्वाचं होतं. त्यामुळे महाकोशल एक्सप्रेसमध्ये खालचा बर्थ आत्याला, मधला मला आणि सामान ठेवायची सगळी जागा फराळाला. दिल्ली जबलपूरच्या वायव्येला असली तरी ही गाडी आधी ईशान्येला, कटनी-सतन्याकडे जाते. माणिकपूरला तिचा विचार बदलतो आणि मग ती बांदा, महोबा करत झाशीकडे वळते. आत्याने हे समोरच्या प्रवाशाला नकाशा काढून समजावलं. तो झोपला होता. बुंदेलखंड अंधारात गेला. दिल्लीत उतरल्यावर हुमायूनची कबर टॅक्सीच्या डाव्या खिडकीतून दिसली. मी उजवीकडे बसलो होतो.

16 ऑक्टोबर 2025, गुरुवार. डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप, दिल्ली गोल्फ क्लब. मैदानातच लाल बंगला नावाची मुघल काळातली कबर आहे, मोर आहेत, आणि दोन्ही बाजूंना इतकी दाट झुडपं की त्या एप्रिलमध्येच मास्टर्स जिंकून आलेल्या रोरी मॅकिलरॉयनेही इथे ड्रायव्हर वापरायचा नाही असं ठरवलं. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी. लांब मारण्यापेक्षा सरळ मारलेलं बरं, असा त्याचा हिशोब.

मला टी-शर्ट, टोपी, जेवणाचं पाकीट आणि 'क्वाएट प्लीज' लिहिलेली पाटी मिळाली. काम सोपं वाटलं: खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की दोन्ही हात वर करायचे. मात्र हात वर करताना तोंड प्रेक्षकांकडे ठेवायचं असतं. म्हणजे ज्या खेळासाठी मी एवढा प्रवास केला, तो कायम माझ्या पाठीमागे चाललेला. रोरी माझ्या अगदी जवळून गेला म्हणे. मला दिसले ते त्याचं चित्रण करणारे मोबाइल, आणि त्यांच्यामागे, घडीच्या स्टुलावर, आत्या.

माझे वर गेलेले हात पाहून एक गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, जरा साइड में." मी साइडला झालो. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए बड्डे! मोबाइल जेब में!" जबलपूरची ही हाक दिल्लीत कुणाला कळण्याचं कारण नव्हतं, पण कळली. अख्खी रांग गप्प. खेळाडूसुद्धा दचकला आणि चेंडूपासून मागे सरला.

खरा घोटाळा शुक्रवारी झाला. युरोपातला एक पोरगेलासा खेळाडू होता. त्याचा चेंडू झाडावर टक्कन आपटला आणि कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. आम्ही सगळे झुडपांत शिरलो. हरवलेला चेंडू शोधायला गोल्फमध्ये 3 मिनिटं मिळतात. 2019 पूर्वी 5 मिळायची. तेवढ्यात सापडला नाही तर एक फटका दंड, आणि जिथून मारला होता तिथे परत जायचं. पोरगा गुडघ्यांवर बसून पानं बाजूला करत होता. त्याच्या काठ्या वाहणारा कॅडी घड्याळ पाहत होता. मी काटे मोजत होतो.

"काय शोधताय रे?" आत्याने स्टुलावरून विचारलं.

"चेंडू गं आत्या, पांढरा."

"हा?"

तिने पिशवीतून तो काढला. पदराने पुसलेलाही होता. पायाशी पडलेली वस्तू मालकाचा पत्ता लागेपर्यंत जपून ठेवायची, ही शाळेतली शिस्त. टोपीवर 'मार्शल' लिहिलेला मी तिचाच भाचा आहे, हे भोवतीच्या सगळ्यांना त्याच क्षणी कळलं, कारण तिने मला "बाळ्या, घे" अशी हाक मारली होती.

नियमवाले पंच छोट्या गाडीतून आले. प्रेक्षकाने चेंडू उचलला तर खेळाडूला दंड नाही. चेंडू होता तिथे परत ठेवायचा, नेमकी जागा ठाऊक नसेल तर अंदाजाने. आता जागा एकट्या आत्याला ठाऊक. कॅडीने आशेने एका मोकळ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. आत्या उठली, चष्मा लावला, आणि कडुलिंबाच्या उघड्या मुळाजवळ जाऊन म्हणाली, "इथे. मुळाच्या पलीकडे, बोटभर." तिथून पुढे मारणं अशक्य होतं.

मी हळूच म्हटलं, "आत्या, हातभर इकडे सांगितलंस तरी चालेल गं. ते अंदाजच मागतायत."

"ज्याला माहीत नाही त्याने अंदाज सांगायचा."

मला राग आला. पोराचं सगळं वर्ष अशा एकेका फटक्यावर चालतं, आणि ही उत्तरपत्रिका तपासल्यासारखी उभी! पण मग आठवलं: बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये, बॉबी जोन्स या गोल्फपटूचा चेंडू गवतात किंचित हलला होता. ते फक्त त्यालाच दिसलं. त्याने स्वतःहून एक फटका दंड घेतला, शेवटी बरोबरी झाली, आणि प्लेऑफमध्ये तो हरला. हा खेळ आत्यासारख्यांनीच बनवलेला असणार. त्यात उपरा मी होतो.

पोराने मुळाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि तो हसला. चेंडू आडवाच बाहेर काढला. जाताना तिच्यासमोर टोपी उतरवली.

"सकाळपासून जेवलेला दिसत नाही," आत्या म्हणाली.

दोन दिवसांच्या खेळानंतर पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात. संध्याकाळी फळ्यावर पोराचं नाव रेघेच्या खाली होतं, एका फटक्याने. आत्याने ते स्वतःच वाचलं. परीक्षेचे निकाल फळ्यावर लावण्यात तिचा जन्म गेला होता.

"माझ्यामुळे?"

"नाही गं. मुळामुळे."

ती काही बोलली नाही. भाच्याच्या घरापर्यंत टॅक्सीवाल्याला रस्ताही सांगितला नाही. शनिवारी धनत्रयोदशीला तिने दिवा लावला आणि मला विचारलं, असे खेळाडू दिवाळीला घरी जातात का. त्यांच्याकडे दिवाळी नसते, हे मी सांगितलं नाही. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चकल्यांतल्या निम्म्या तिने वेगळ्या डब्यात भरल्या. त्या पोराचा पत्ता मला मिळाला नाही. मिळण्यासारखा नव्हताच; ही मंडळी दर आठवड्याला नव्या देशात असतात.

रविवारी इंग्लंडचा टॉमी फ्लीटवुड 22 अंडर पारने, म्हणजे ठरलेल्यापेक्षा 22 फटके कमी घेऊन, जिंकला, जपानचा केइता नाकाजिमा दोन फटक्यांनी मागे. टाळ्या माझ्या पाठीमागे वाजल्या.

परतीच्या गाडीत ग्वाल्हेर गेल्यावर आत्याने तो दुसरा डबा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पुढच्या वेळी अर्ज भरशील तेव्हा माझाही भर," ती म्हणाली. "अनुभव विचारला तर लिही, एक चेंडू. उचलला आणि परत केला."