आधी अंगठा काढा

करमाळ्यात विचारसरणीच नाही, असं म्हणणाऱ्यानं आमच्या स्टँडसमोर एक कट चहा घ्यावा. विचारसरणी भरपूर आहे हो. फक्त ती पाहुणी म्हणून येते; घरचा असतो तो गट.

२०१४ ला नारायण आबा पाटील धनुष्यबाणावर २५७ मतांनी आमदार झाले. समोर घड्याळावर रश्मी बागल. २०१९ ला धनुष्यबाण रश्मीताईंकडे आणि आबा अपक्ष. २०२४ ला आबा तुतारी वाजवून पुन्हा आमदार, तोवर ताई भाजपमध्ये. संजयमामा शिंदे २०१४ ला ‘स्वाभिमानी’कडून लढले, २०१९ च्या उन्हाळ्यात माढ्यातून घड्याळावर लोकसभेला उभे राहिले आणि दिवाळीच्या तोंडावर अपक्ष आमदार झाले.

नेत्यांबद्दल तक्रार नाही. गळा त्यांचा, उपरणं त्यांचं. जीव तुटतो तो कार्यकर्त्यासाठी. नेत्याला फक्त पक्ष बदलायचा असतो, ह्याला मतं बदलावी लागतात, तीही मनापासून! परवापर्यंत ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्यात थोरपण शोधायचं म्हणजे काय खायचं काम आहे? त्यात गावानं जुन्या स्टेटसचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेले.

उजनीचंच बघा. धरण ११७ टीएमसीचं, त्यात जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणजे उजनी ‘शून्य टक्के’ झाली तरी पोटात ६४ टीएमसी असतंच. त्याखाली गेली की ‘मायनस’, आणि आमच्या काठावरचे लोक मोटारी-पाइप उचलून पाण्यामागं चालू लागतात. आकडा सगळ्यांना एकच. पण सरकार आपल्या गटाला जवळचं असेल तर पावसानं दगा दिलेला असतो. नसेल तर नियोजनाचा बट्ट्याबोळ. केळी दोघांचीही सारखीच वाळतात.

यावर मी एक उपाय काढला. परवा भज्यांच्या कागदावर एक बातमी दिसली, ‘उजनीच्या पाण्याचं नियोजन कोलमडलं’. बोलणाऱ्या पुढाऱ्याच्या नावावर अंगठा ठेवून मी शेजारी बसलेल्या नानांना, गटाच्या पक्क्या कार्यकर्त्याला, विचारलं, “नाना, पटतंय का?”

“आधी अंगठा काढा.”

“नाव नको, म्हणणं पटतंय का ते सांगा.”

नानांनी मिरची चावत विचार केला. “विरोधकांची बोंब दिसतीय. पाऊसच नाही तर सरकार काय करणार?”

मी अंगठा काढला. नाव नानांच्याच नेत्याचं होतं. कागद पाच वर्षांपूर्वीचा, तेव्हा ते पलीकडं होते.

नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “त्या वेळी ते बरोबरच होतं,” आणि त्याच बातमीला त्यांनी बोटाचं तेल पुसलं.

मी खो-खो हसलो. तेवढ्यात नानांनी कागद उलटा केला, दुसऱ्या एका बातमीवर आपला तेलकट अंगठा दाबला आणि म्हणाले, “आता तुम्ही सांगा, पत्रकार. पटतंय का?”

बातमी चार ओळींची होती. मी बराच वेळ वाचत होतो. खरं सांगायचं तर अंगठ्याच्या कडेनं फोटोतली टोपी दिसते का, ते बघत होतो.