गांजाचाही कांदा करून दाखवू

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गांजा कायदेशीर आहे. तिथल्या मद्य नियंत्रण आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये एक अहवाल काढला, की राज्यात साडेसहा वर्षे पुरेल एवढा माल झाला आहे. कांदा पिकवणाऱ्या निफाडच्या माणसाला ही बातमी वाचून दाखवली तर तो पहिला प्रश्न विचारेल, "चाळीत किती दिवस टिकतो?" दुसरा प्रश्न, "मग भाव काय निघाला?" भाव पडला हे कळल्यावर तो तिसरा प्रश्न विचारणार नाही. पुढचे सगळे त्याला पाठ आहे.

तरीही पुढचे सांगतो, कारण हे सदर नाशिक जिल्ह्याबाहेरही वाचले जाते असा संपादकांचा समज आहे.

ओरेगनचा गांजा ओरेगनातच संपवावा लागतो. शेजारच्या कॅलिफोर्नियातही तो कायदेशीर आहे, पण राज्याची हद्द ओलांडली की केंद्राचा कायदा लागतो आणि सकाळपर्यंत परवानाधारक असलेला शेतकरी संध्याकाळी तस्कर ठरतो. आपण याला निर्यातबंदी म्हणतो. आपल्या कांद्यावर ती ८ डिसेंबर २०२३ ला आली आणि ४ मे २०२४ ला, कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीत लोकसभेचे मतदान व्हायला जेमतेम पंधरवडा उरला असताना उठली. जाताना ४० टक्के निर्यात शुल्क मागे ठेवून गेली, पण उठली. ओरेगनमध्ये ती उठायचे नाव घेत नाही. तिथल्या गांजाच्या पट्ट्यात दिंडोरीसारखा मतदारसंघ नसावा.

कॅनडाने तर १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर गांजा खुला केला. त्याआधीच शेअर बाजाराला तार लागली होती. कॅनोपी ग्रोथ नावाच्या कंपनीने स्मिथ्स फॉल्स या गावातला हर्शी चॉकलेटचा जुना कारखाना घेऊन त्यात गांजाचा संसार मांडला होता. कोरोना बिअर विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने त्या वर्षी तिच्यात सुमारे चार अब्ज अमेरिकी डॉलर ओतायचे ठरवले. २०२३ मध्ये कॅनोपीने तो कारखाना परत हर्शीलाच विकला. मधल्या काळात गुंतवणूकदारांच्या पैशाचा धूर झाला एवढेच.

तिथला अबकारी कर मात्र आपल्या बाजार समितीने आखून दिल्यासारखा आहे. ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. कागदावर हिशेब सुंदर होता, दहा डॉलरचा ग्रॅम आणि एक डॉलर सरकारचा. मग सगळ्यांनीच गांजा लावला, माल उदंड झाला, भाव आपटला आणि सरकारचा डॉलर जागचा हलला नाही. भाव उतरला म्हणून हमाली, तोलाई आणि गाडीभाडे कधी उतरले आहे का? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. खर्च वजा जाता हिशोबपट्टीवर २ रुपये ४९ पैसे उरले. चेक दोन रुपयांचा मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. कॅनडाच्या गांजा उत्पादकाला माझे सांगणे आहे, की बाबा रे, इथे शेवटी चेक तरी हातात येतो. तुझ्याकडे थकीत अबकारी कराची नोटीस येते.

अमेरिकेच्या आयकर कायद्यात २८०ई नावाचे कलम आहे. कोकेन वगैरे विकणाऱ्या एका इसमाने धंद्यातला खर्च वजा करून मागितला आणि कर न्यायालयाने तो दिलासुद्धा. त्यावर संतापून तिथल्या संसदेने १९८२ मध्ये हे कलम आणले. राज्याचा परवाना भिंतीवर टांगून बसलेल्या गांजाच्या दुकानदारालाही वर्षानुवर्षे तेच लागू राहिले. दुकानाचे भाडे, पोराचा पगार, विजेचे बिल, काही वजा नाही. कर मात्र भरा. बँकाही केंद्राच्या भीतीने खाते उघडायला कचरत, म्हणून कर भरायला लोक नोटांच्या पिशव्या घेऊन जात. बेकायदा धंद्याकडून इतक्या कायदेशीर तळमळीने कर वसूल करणारा देश उगाच महासत्ता होत नाही. आपले आमदार अभ्यासदौऱ्यावर परदेशी जातात असे आपण समजतो. मला शंका आहे, की तिथलेच लोक गुपचूप लासलगावच्या कांदा बाजारात येऊन टिपणे काढून गेले असावेत.

यातल्या कशाचीही कल्पना नसलेल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायला परवानगी द्यावी. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजून १६ पासून लागवड सुरू करेन. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला आणि लावलास तर गुन्हा दाखल करू असे बजावले. अर्ज निकाली निघाल्याचा वेग पाहता शेतकऱ्याने हेवा करावा असे हे एकमेव प्रकरण आहे. पीकविम्याच्या अर्जाला असे उत्तर कुणाला मिळाले असल्यास कळवावे.

पण समजा, परवानगी मिळाली असती. आधी समिती बसली असती. मग 'महागांजा' नावाचे पोर्टल आले असते, त्यावर सातबारा, आधार आणि "मी गांजा ओढत नाही" असे प्रतिज्ञापत्र चढवावे लागले असते, आणि शेवटच्या तारखेला सर्व्हर झोपला असता. लागवडीला अनुदान मिळाले असते, ते रोपवाटिकेच्या दुकानात संपले असते. सहकार तर हवाच. याला आधार आहे. बंगालमधल्या नौगाव इथे, जे आज बांगलादेशात आहे, इंग्रजांच्या काळात १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची खरोखरची सहकारी संस्था स्थापन झाली होती. माल सरकारच्या देखरेखीत पिकायचा आणि कर भरून विकला जायचा. म्हणजे सहकारात आपण देशाच्या पुढे आहोत हा समज बाजूला ठेवावा लागेल. आपल्याकडे अशी संस्था निघाली असती तर पहिल्या हंगामात चेअरमन कोण हा प्रश्न सुटला नसता, दुसऱ्यात पॅनेल फुटले असते आणि तिसऱ्यात प्रशासक आला असता.

ही कल्पनाशक्ती नव्हे, अनुभव आहे. सरकारने हात धरून कायदेशीर केलेली नशा नाशिकने पाहिलेली आहे.

२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कात सूट, लघुउद्योगाचा दर्जा, विंचूरला वाइन पार्क. गंगापूर धरणाच्या काठी सुला वाइनरीने नुकतीच पहिली बाटली काढली होती आणि ती पाहून मांडवाखालच्या प्रत्येकाला फ्रान्स दिसू लागले. ज्यांच्या घरात वाइन सोडा, चहाही मोठ्यांसमोर जपून प्यायचे, ते लोक सॉव्हिन्यों आणि शिराझचे उच्चार शिकले. वाइनरी निघाल्या, कर्जे निघाली. मग २००८ आले. जगात मंदी, मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला, हॉटेलांत शुकशुकाट. टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही. नारायणगावची इंडेज, या धंद्यातले सगळ्यात जुने मोठे नाव, कर्जाखाली बुडाली. छोट्या वाइनऱ्यांचे काय झाले ते बँकांना विचारा.

खरी फजिती बागायतदाराची झाली. खायच्या द्राक्षांचे गणित बिघडले तर निदान बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. ते पाटीत मांडले तर गिऱ्हाईक चव घेऊन पुढच्या गाडीवर जाते. वाइनरी घेत नाही म्हटल्यावर त्याला दुसरे घरच नाही. लोकांनी बागा तोडल्या. ज्या कुऱ्हाडीने आधी थॉमसन तोडून शिराझ लावले होते, तीच बाहेर काढावी लागली.

नंतर सरकारने एक योजना आणली. वाइनवर २० टक्के व्हॅट घ्यायचा आणि त्यातले १६ टक्के उत्पादकाला परत करायचे. चारच टक्के का घेतले नाहीत, असा प्रश्न फक्त अर्थखात्याची ओळख नसलेल्या माणसाला पडतो. घेणे तत्काळ असते, देणे यथावकाश. मधल्या यथावकाशात वाइनरीवाला बँकेचे व्याज भरत बसतो.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले, की मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइनचे कपाट ठेवू द्यावे. महाराष्ट्रात गदारोळ झाला. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' हा शब्द काढला, सत्ताधाऱ्यांच्या बाजूने वाइन म्हणजे दारू नव्हे असे समजावण्यात आले, अण्णा हजारे यांनी उपोषणाची तारीख जाहीर केली. वर्षाअखेर सत्ता बदललेली होती आणि कपाट मंत्रालयातल्या कपाटात गेले होते. सुलाचा शेअर त्याच डिसेंबरात ३५७ रुपयांना बाजारात आला. २०२५ मध्ये तो त्या किमतीच्या खाली होता. शनिवार-रविवारी मात्र गंगापूर रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग असते. लोक द्राक्षांच्या वेलीजवळ फोटो काढतात, पिझ्झा खातात आणि एक ग्लास चौघांत फिरवतात. नाशिकची वाइन पिण्यापेक्षा पाहण्याचा पदार्थ म्हणून अधिक यशस्वी आहे. हे सगळे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असलेल्या राज्यात घडते, जिथे पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो आरोग्य टिकवण्यासाठी दिला जातो.

आता दुसरी बाजू पाहा. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात पोलिसांना कपाशी-तुरीच्या आडोशाने लावलेला गांजा वारंवार सापडतो. त्या शेतकऱ्याला अनुदान नाही, विमा नाही, हमीभाव नाही, पोर्टल नाही, आणि पकडला गेला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तरी तो लावतो. कॅलिफोर्नियात कायदेशीर विक्री १ जानेवारी २०१८ ला सुरू झाली, पण परवाना, चाचणी आणि करांचे ओझे नसलेला चोरटा विक्रेता अजून तिथल्या दुकानदाराला पुरून उरतो. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा तर जवळच आला. तपोवनात चिलीम पेटेल, तिचा व्यवहार कुठल्याही धोरणाविना सुरळीत पार पडेल आणि जीएसटी परिषदेला त्याचा वासही लागणार नाही.

शिवाय भाव. पोलीस गांजाचे शेत पकडतात तेव्हा दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत मुद्देमालाची किंमत सांगतात. ती नेहमी लाखांत असते. अडत नाही, कटती नाही, "माल ओला आहे" म्हणून कपात नाही. शेतमालाची एवढी उदार प्रतवारी करणारी यंत्रणा या देशात दुसरी नाही.

म्हणून माझी मागणी गांजा कायदेशीर करण्याची नाही. गांजाला का बिघडवायचे? मागणी अशी, की कांद्याला अमली पदार्थविरोधी कायद्यात घ्यावे. त्या कायद्यात गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प मात्रा आणि वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा धरतात. तीच मर्यादा कांद्याला लावावी. लासलगावात वीस किलोकडे कुत्रे बघत नाही, तिथला माल थेट व्यापारी होईल. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाडच्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये आले, ते त्याने वर ५४ रुपये खर्चून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. साडेसातशे किलो! नव्या कायद्यात एवढा माल सापडला असता तर उपमहानिरीक्षकांनी गोण्यांमागे उभे राहून फोटो काढला असता आणि किंमत निदान अर्धा कोटी सांगितली असती. मुंबईत वडापाववाला खिशातून हळूच अर्धा कांदा काढून ओळखीच्या गिऱ्हाइकाला देईल. दुबईचा व्यापारी तर निर्यातबंदीच्या काळातही आपल्या कांद्याची वाट पाहत होताच, आता फक्त त्याची रीत बदलेल.

एकच अडचण दिसते. केंद्राने २०२३ मध्ये नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून पाच लाख टन कांद्याचा राखीव साठा करायचे ठरवले होते. असा साठा नव्या कायद्याखाली सापडला तर तो वीस किलोच्या थोडा वर जातो आणि व्यापारी मात्रेत जामीन सहसा मिळत नाही. तेव्हा कायदा लागू होण्याआधी नाफेडने चांगला वकील पाहून ठेवावा, आणि त्याची फी पुढच्या तारखेच्या चेकने द्यावी.