शून्यमीमांसा, अर्थात न चाललेल्या टेस्टचा अभावविचार

‘टेस्ट चालल्या शून्य, नापास शून्य, बिल्ड यशस्वी.’ श्रीवर्धनच्या वाडीत बसून रोठा सुपारीच्या हिशेबाचा जावा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मावेन या बिल्ड-साधनाने असा निकाल दिला, तर काही पंडित त्याला पेढे मागतील. त्यांचा पूर्वपक्ष असा: जी परीक्षेला बसलीच नाही, ती नापास कशी होणार? तर्कात खोट नाही. पंचाईत तीच आहे.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले. चारही मावेनमध्ये सापडतात, हा आमचा नम्र शोध. ‘स्किपटेस्ट्स’ लावले की टेस्ट कंपाइल होतात, चालायच्या तेवढ्या राहतात, हा प्रागभाव. ‘मावेन डॉट टेस्ट डॉट स्किप’ने त्या कंपाइलही होत नाहीत, हा अत्यंताभाव. जेयुनिट या टेस्ट-चौकटीची आवृत्ती ४ सोडून ५ घेतल्यावर कालच्या टेस्ट आज नाहीशा होतात, तो प्रध्वंसाभाव. त्यात बहुधा जुन्या शुअरफायरचा हात असतो. टेस्ट चालवणे हे या प्लगिनचे काम. पण जेयुनिट ५ त्याला थेट कळू लागले ते २.२२.० पासून, आणि मावेन ३ मात्र, आवृत्ती न सांगितल्यास, बराच काळ २.१२.४ च पुढे करत असे. राहिला अन्योन्याभाव: घट म्हणजे पट नव्हे. दोन्ही जेयुनिटांची खूण ‘@टेस्ट’च, पॅकेज निराळे. इम्पोर्ट चुकले की संपले.

मात्र खरा वाद नामकरणाचा. शुअरफायर क्लासचे गुण पाहत नाही, नाव पाहतो: ‘टेस्ट’ने सुरू होणारे, किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’, ‘टेस्टकेस’ने संपणारे. ‘सुपारीदरतपासणी’ हा क्लास कितीही गुणी असो, दाराबाहेर. हाच न्याय कोकणाला लावून ‘कर’ने संपणारी आडनावेच मोजली असती, तर श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट यादीतून गळाले असते आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांना पेशवेपदासाठी दुसरा माणूस बघावा लागला असता.

आयडीईत त्याच टेस्ट हिरव्या दिसतात, कारण आयडीई नावावर अडून बसत नाही, खूण बघते. म्हणून ‘माझ्याकडे तर चालतात’ ही तक्रार खरी असते आणि कुणाच्याच उपयोगाची नसते.

‘फेलइफनोटेस्ट्स’ अशी एक सेटिंग आहे; ती चालू केली की शून्य टेस्ट म्हणजे बिल्ड नापास. मुळात ती बंद असते. समर्थकांचे म्हणणे, मोठ्या प्रकल्पातल्या एखाद्या मॉड्यूलमध्ये टेस्ट नसतातच. आम्हाला हे मान्य नाही. ज्या मॉड्यूलला टेस्ट नाहीत, त्याने तसे पोम फाइलमध्ये लेखी कळवावे, खाली तारीख घालून.