सर्व्हरचे बारसे

सर्व्हरला नाव एकच असावे, ही अपेक्षा भाबडी आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ (२०१४) पासून ‘होस्टनेमसीटीएल’ ही आज्ञा त्याची तीन नावे सांभाळते: फाइलीत लिहिलेले स्थायी, डीएचसीपीकडून मिळू शकणारे तात्पुरते आणि केवळ मिरवायचे शोभेचे. पत्रिकेतले, व्यवहारातले आणि लाडाचे नाव माणसालाही असते. फरक इतकाच की माणूस तिन्हींना ओ देतो.

नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ चालते. अंडरस्कोर चालत नाही, म्हणून तो हमखास घातला जातो. दोन टिंबांमधला भाग ६३ अक्षरांपर्यंत चालतो. विंडोजचे नेटबायोस नाव मात्र पंधरातच आटोपते. यंत्राला प्रकल्पाचे नाव देऊ नये, असे आरएफसी ११७८ ने १९९० मध्येच बजावले. कारण प्रकल्प गुंडाळला जातो आणि त्याच्या नावाचा सर्व्हर पगारपत्रके काढत राहतो.

पत्त्यांची तऱ्हा निराळी. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये हाताने लिहिलेला डीएनएस सर्व्हर नेटवर्कमॅनेजर पुढच्या जोडणीला निमूटपणे पुसतो. फाइल आपण तयार केली आहे, असे तो पहिल्याच ओळीत सांगतो. पण पहिली ओळ वाचायची प्रथा नाही. तोच बदल ‘एनएमसीएलआय’ या आज्ञेने केला तर टिकतो. शेवटी डीएनएसमध्ये नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, अशा दोन्ही नोंदी कराव्यात. दुसरी नोंद सहसा लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवशी होते.